देवाच्या नावाचं छत्र

चि. विक्रम,

आशीर्वाद आज लिहवत नाहीत.

रामनवमीच्या सकाळी तुझ्या मित्राने, दिग्विजयशेठने, दिलेलं चांदीचं छत्र मी चिंचणीच्या आपल्या देवावर चढवलं. “मला नाही दादा, देवाला दिलंय,” तू म्हणालास. न्यायाधीश भाऊ खोटं बोलणार नाही, असं मी धरलं.

काल कुंभवलीची बुधी देवळात आली. शेठच्या कारखान्यात तिचा नवरा भाजून मेला. भरपाईचा दावा तुझ्याच कोर्टात ती हरली. वर बघून म्हणाली, “देवाला सावली मिलाली भाऊ, आमाला नाय.”

मैत्री जपायची होती, तर खटला सोडायचास. देवाला मध्ये का घातलंस?

हे पत्र पाठवणार नाही. उच्च न्यायालयाकडे तक्रार मात्र आज बोईसरहून रजिस्टर पोस्टाने धाडली. छत्र चढवणारा म्हणून त्यात माझंही नाव आहे.

तुझा दादा,
पुंजाराम