गोष्टीतली गाय

तीर्थस्वरूप पुष्पाआक्काच्या पायी धाकटीचा नमस्कार. लहानपणी तू एकदा म्हणाली होतीस, "तुझ्या खेळात आमी नुसतं व्हय म्हणायला यायचं का गं?" तेव्हा मी रुसून जेवले नव्हते. असो. तुझे गुडघे कसे आहेत? नागापूरला पाणी रोज येतं का?

माझी निकिता पुण्याला नोकरीला गेली आणि तिचा एक खेळ इथे कोल्हारात राहिला. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि आपण काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. आठवडाभर मी एकटीच खेळले. (दारामागे चोर मीच उभा केलेला, मग दचकायचं कसं?) शेवटी शेजारच्या राहीबाई आणि कडूबाईंना गुरुवारी दुपारी बोलावलं.

चार दिवस खपून मी खर्ड्याच्या किल्ल्याखाली एक भुयार रचलं होतं, आत कैदेतली राणी. सुरुवातीलाच जासूद येतो आणि किल्ल्यावर चला म्हणतो. राहीबाई म्हणाल्या, "जाऊ की. पन गायीची धार कोन काढील?" खेळात गाय नव्हतीच! त्यांनी आणली, तिचं नाव ठेवलं, डेअरीला दूध घालायची वेळही ठरवली. कडूबाई लगेच वैरणीला निघाल्या. मी पाऊस पाडला, तर त्यांनी गोठा शाकारला. वाघ सोडला, तर काठीने हाकलला (फासाही त्यांचंच ऐकतो). तासभर राणी भुयारात ताटकळलेली. माझा धीर सुटला आणि मी म्हटलं, "गाय मेली. आता तरी निघा."

राहीबाई पदर सावरून उठल्या आणि गेल्या. त्यांची खरी गाय गेल्या साली लम्पीच्या साथीत गेली, हे मला माहीत होतं गं. दोन गुरुवार झाले, कुणी आलेलं नाही. कडूबाई रस्त्यात भेटल्या तरी घाईत असतात.

तुझी,
सविता

ता.क. काल राहीबाईंच्या दारात जाऊन सांगितलं, गाय मेली नव्हती, नुसती बसली होती. त्या म्हणाल्या, "मारलीबी तूच, उठवलीबी तूच. मंग आमी काय करायचं?" आणि चहा दिला, स्वतः घेतला नाही.

आणखी ता.क. या गुरुवारी तू येऊन गोष्ट सांगशील का? तू सांगणार म्हटल्यावर त्या येतील. मी त्यांच्या रांगेत बसेन, मध्ये बोलणार नाही. तुला एसटी सोसत नाही, सूनबाई सोडत नाही, हे सगळं ठाऊक आहे, आणि नाही म्हणायला तू फोनसुद्धा करणार नाहीस. तरी ये.