मोटर चालू हुईना

७ जानेवारी, मंगळवार
धुकं. धरणापलीकडची बामणोली दिसतच नव्हती. दोरी ओढून ओढून खांदा उतरला, बोटीची मोटर चालू हुईना. हे पुढच्या फळीवर, शाल गुंडाळून. "चोक बंद कर आता. पेट्रोल पितीया नुसती." बंद केला, थांबले, परत ओढली. एकदा फुरफुरली आणि गप्प.
ह्यांनी उठून दोरीला हात घातला. मी ओरडलेच. डाव्या हाताची शीर डायलिसिससाठी जोडून घेतलीय, त्या हाताला जोर द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी किती वेळा बजावलं. वीसेक वर्षं ह्यांनी ह्याच बोटीतून सगळ्या गावाला नेलं-आणलं, आता स्वतःला न्यायचं तर दोरीसुद्धा ओढायची नाही. हात काढून घेतला.
शेवटी झाली चालू. जीप थांबली होती म्हणून बरं. साताऱ्यात पोचायला उशीर. सिस्टर म्हणाल्या, "काकू, मागचा पेशंट खोळंबलाय, आज वेळ कमी मिळेल." मंगळवार-शुक्रवारची वेळ ठरलेली, आणि लाँच दहानंतर सुटते. ही मोटर नसेल तर आमची सकाळ होतच नाही.

८ जाने., बुध.
अंगणवाडी सुटल्यावर मोटर बघितली. म्हणजे बघितली ह्यांनी, हात माझे. दोन्ही प्लग ओले, काळेकुट्ट. घासले, पुसले, उन्हात ठेवले. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, ऑईल मिसळून नवं भरलं. दुसऱ्याच ओढीला सुरू! हे खूश. "बघ, कचरा व्हता."
हात दोनदा धुतले तरी वास जाईना. भाकरीलाही लागला असणार. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

१० जाने., शुक्र.
कचरा नव्हता. सकाळी परत तेच.
पोचलो कसेबसे. डाय. नीट झालं, पण परत येताना पायात गोळे. कासपासून खाली उतरेपर्यंत मी पोटऱ्या दाबत होते.

१२ जाने., रवि.
आज ठिणगी बघितली. प्लग काढायचा, वायरीत अडकवून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. वरच्याला निळी, चट् आवाज. खालच्याला काहीच नाही, मग एक पिवळी, मरतुकडी. प्लगांची अदलाबदल केली. तरी खालच्याच बाजूला अंधार. म्हणजे प्लग चांगले, दुखणं आत, वरच्या जड चाकाखाली. ते चाक काढायला पुलर लागतो, ओढून काढायचं हत्यार. आपल्याकडे नाही.
हे म्हणाले, "कार्ब्युरेटर बघू." मी म्हटलं, ठिणगीच नाही तर कार्ब्युरेटर कशाला? मोटरीवरून ह्यांच्याशी वाद घातला, आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हणाले, "शिकलीस की." कौतुक होतं की दुसरं काही, कळलं नाही.
तरी कार्ब्युरेटर खोलला. तळाला डिंकासारखा थर होता, तो काढला. दोघांचंही खरं.
संध्याकाळी हे ओट्यावर बसून राहिले, धरणाकडे बघत. दारात एवढं पाणी आणि ह्यांना पेल्यानं मोजून.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
चालू झाली. वाटलं, सुटलो.
आमचं जुनं गाव पाण्याखाली आहे, त्याच्या वर आलो आणि बंद. गरम झालेली. किती ओढली, धड खोकलीसुद्धा नाही. वल्ही काढली. वारा तोंडावर. मी एकटी मारतेय, बोट जागच्या जागी फिरतेय. हे उजव्या हातानं पाणी मागं लोटत होते, फळीवरून वाकून. मग खोकल्याची उबळ. "बस करा हो!" म्हटलं.
काठाला लागलो तेव्हा जीप गेलेली. सणाची दुसरी गाडी नाही. सेंटरला फोन केला. आज दुसरं मशीन रिकामं नाही, उद्या सकाळी या.
शेजारचा गणपत मासे धरायला आला होता, त्यानं आपल्या बोटीला बांधून परत आणलं. "आवं वैनी, माझ्या बोटीला मोटर न्हाई, पर वल्ही हायती. कवाबी हाक मारा."
तिळगूळ डब्यातच.

१६ जाने., गुरु. सातारा
काल उजाडता उजाडता पाय टम्म. थोड्या वेळात धाप, आडवं पडता येईना. गणपतनं वल्ही मारत बामणोलीला आणलं, तिथून ॲम्ब्युलन्स. कासच्या वळणांवर ह्यांनी माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ आहेत अजून. ऑक्सिजन. लगेच डाय.
आज उतरलंय सगळं. चेहरा एवढासा दिसतो.

१७ जाने., शुक्र.
रुपाली आली, खंडाळ्याहून, कंपनीत रजा टाकून. बापाचे पाय चेपत बसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आई, त्या मोटरीच्या भरवशावर बाबांना ठेवणार तू? दोघं माझ्याकडं चला. सेंटर रिक्षानं जाण्याएवढं जवळ आहे." बरोबर बोलते पोरगी. अगदी बरोबर.
ह्यांना सांगितलं तर भिंतीकडे तोंड केलं. "मी तिथं काय करू गं, रुपा? खिडकीत बसू?" रुपाली चहा आणायला गेली.
मला काय वाटतं, कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर...

१८ जाने., शनि.
हे झोपले होते तेवढ्यात पोवई नाक्याकडे जाऊन आले. स्कूटरचं जुनं गॅरेज आहे. मिस्त्रीला सगळं सांगितलं. गार असताना कशीबशी चालू होते, गरम झाली की मरते, खालची ठिणगी पिवळी. म्हणाला, "कंडेन्सर असणार. तापला की काम सोडतो. पण काकू, एवढी जुनी मोटर, भंगारात द्या की." मी म्हटलं, कंडेन्सर द्या. स्कूटरचे दोन दिले, "बसवून घ्या, जमंल." पुलर उसना मागितला. त्यानं माझ्याकडे बघितलं, पुसून दिला.
रुपालीला सांगितलं नाही. पिशवीत साडीच्या घडीत ठेवलाय.

२० जाने., सोम.
घरी. उद्या गणपत सोडणार, अंधारात निघायला लागेल. त्याच्याही पाठीला किती दिवस ताण द्यायचा.

२२ जाने., बुध.
मोटर अंगणात आणली, गणपतनं आणि मी. हे खाटेवर बसून.
नट सुटला, चाक सुटेना. पुलर लावून आवळत गेले. "अजून. अजून जरा. भिऊ नको, मोडत न्हाई ती." हातोडीचा एक टोला, आणि खाडकन सुटलं. मी मागे पडले. हे हसले. कित्येक महिन्यांनी आवाज काढून हसले.
आत ठिणगी पाडणारे दोन्ही पॉइंट जळून पांढरे, खालचा जास्त. बारीक पॉलिश पेपरनं घासले. दोन टोकांत फट किती ठेवायची? ह्यांनी लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून दिला, "ही आत जाईल आणि जराशी अडंल, तेवढी." ह्यांनी माझं बोट धरून दाखवलं, कुठं दाबायचं, कुठं सोडायचं. नवे कंडेन्सर तारेनं बांधून बसवले. दिसायला काही खरं नाही.
संध्याकाळी बोटीला लावली. पहिली ओढ नाही. दुसरीला चालू. बाजूनं मोटर गार ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक पण सरळ. ठिणगी आधीच बघितली होती, दोन्हीकडं निळी. गणपत टाळ्या वाजवायला लागला. हे वर ओट्यावर होते, तिथून हात केला.

२४ जाने., शुक्र.
गेलो, आलो. परत येताना मोटर तापलेली होती तेव्हा मुद्दाम मधे बंद केली आणि परत ओढली. लगेच सुरू. ह्यांना म्हटलं, बघितलंत? मान हलवली.
आज मशीनवर फार त्रास झाला. बी.पी. उतरलं, उलटी. सिस्टरनी पाय वर करून ठेवले.

२६ जाने., रवि.
शाळेत झेंडा. मुलांना जिलेबी वाटून दुपारी घरी आले. हे ओट्यावर. ताट वाढलं. म्हणाले, "बस जरा." बसले.
"मोटर झाली. तुला समदं येतंय आता. गणपतचं तोंड बघाया लागायचं न्हाई."
मी म्हटलं, असं काय बोलताय.
"मंगळवारी मी येत न्हाई, सुनंदा."
मला वाटलं, फक्त हा मंगळवार.
"न्हाई. आता न्हाईच. लय झालं. एक दिस तिथं, दुसरा दिस त्याच्या थकव्यात. मधी ऱ्हातंय काय? मला हितं बसू दे."
आवाज चढला नाही. जेवले, नेहमीसारखे. मी ताट घासताना रडले, पाण्याचा आवाज होता.

२७ जाने., सोम.
रेंजसाठी टेकावर जाऊन रुपालीला फोन. "उचलून आण त्यांना! गणपतकाकांना सांग, दोघं मिळून आणा!" रडत होती. उद्या सेंटरवर येते म्हणाली. मग डॉक्टरांना लावला. शांतपणे बोलले. जबरदस्ती करता येत नाही म्हणाले, पण बंद केलं तर फार दिवस मिळणार नाहीत, आणि शेवटचे सोपे नसतात. उद्या एकदा घेऊन या, समोर बसून बोलू. तेवढं तरी करा.
खाली येऊन ह्यांना तेवढंच सांगितलं. बोलायला तरी चला. मशीनवर बसू नका हवं तर.
उठून ओट्यावर जाऊन बसले.
राग येतो. मोटर दुरुस्त केली ती कशासाठी केली? आणि दया येते. मशीनवरून उठतात तेव्हाचा चेहरा मीच बघते, रुपाली नाही. तिच्या जागी मी असते तर उचलून नेलं असतं. ह्यांच्या जागी असते तर...

२८ जाने., मंगळ.
बोटीत बसून लिहिते. अक्षर हलतंय, मोटर चालू आहे.
उठवायला गेले तेव्हा जागेच होते. आंघोळीचं पाणी काढलं, शाल, टोपी, फाईल उशाशी ठेवली. म्हटलं, मी खाली जाऊन मोटर चालू करते. "हं" म्हणाले. येणार की नाही, ते सांगितलं नाही.
दुसऱ्या ओढीला झाली. धुकं पातळ आहे आज, बामणोलीचा काठ दिसतोय. जीप उभी असेल. रुपाली साताऱ्याच्या वाटेवर असेल.
हा आवाज घरात ऐकू जातो. आवाजावरून मोटरीचं काय चाललंय ते त्यांना कळतं.
बंद करून परत चालू करता येईल, माहीत आहे. पेट्रोलही जळतंय. करत नाही बंद.
वरचं दार उघडलं आत्ता. ओट्यावर आलेत. टोपी घातलीय. उभे आहेत, इकडंच बघतायत.