माल क्रमांक ३१७-ब बेवारस नसल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्रवासी व माल वाहतूक व्यवस्थापन संशोधन केंद्र
(खिडकी क्रमांक ४ मार्फत)

विषय : माल क्रमांक ३१७-ब बेवारस नसल्याबाबत, तसेच त्याचे वजन वाटेत वाढल्याबाबत खुलासा.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १८ मार्च.
२) आपण त्याच तारखेस अर्जदाराच्या डब्याला पाठविलेले प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. अकरा फेब्रुवारीचा दिवस अगदी साधा उजाडला. अर्जदाराचे वडील, मालधक्क्यावरचे निवृत्त काटेवाले, स्वयंपाकघरात अर्जदाराच्या जेवणाचा डबा तोलत होते. अडतीस वर्षे मालगाड्यांचे डबे तोललेल्या माणसाला घरी तोलायला एवढेच उरले होते. वजन एक किलो शंभर ग्रॅम भरले. अर्जदार चपला शोधत होती. शोधता शोधता ती म्हणाली, "बाबा, रोज रोज ऑफिसवर येऊ नका हो. लोक हसतात." वडील म्हणाले, "तुझ्यासाठी कोण येतंय? मी संशोधनाला येतो. तू आपली वाटेत लागतेस."

२. ही सबब कागदोपत्री खरी होती. आपल्या अभ्यासात ते नमुना-प्रवासी क्रमांक ३१७ होते. केंद्राने त्यांना दोन बिल्ले दिले होते. निळा, ३१७, प्रवाशाने खिशात ठेवायचा आणि करडा, ३१७-ब, सोबतच्या मालाला बांधायचा. बिल्ला कुठे आहे ते यंत्राला कळते आणि वजन बसच्या आसनाखालचा काटा घेतो. माल म्हणजे अर्थात डबा. चौदा नंबरच्या बसने तो अर्जदाराच्या कार्यालयात यायचा, दारवानाच्या हाती पडायचा आणि संध्याकाळी अर्जदाराबरोबर घरी जायचा. वडील समोरच्या थांब्यावरून आधीच परतलेले असायचे.

३. त्या दिवशी वडिलांचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता. त्यांनी निळा बिल्ला डब्याला बांधला आणि करडा स्वतःच्या खिशात घातला. तोलामापाच्या कामात पाव किलोची तफावतही न सोडणाऱ्या माणसाची ही एकच चूक. ती त्यांना कळली नाही, याचे अर्जदारास समाधान आहे.

४. डबा पोहोचला. वडील परतीच्या बसमध्ये बसले आणि तिसऱ्या थांब्याच्या अलीकडे शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडले. चालकाने बस थेट रुग्णालयात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्यांचे कपडे, करड्या बिल्ल्यासह, एका पिशवीत घालून रुग्णालयाच्या तळमजल्यावरील सामानघरात ठेवले आहेत. अर्जदार दोनदा त्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा शेजारच्या दुकानातून साबण घेऊन परत आली. घरात साबण भरपूर झाला आहे.

५. आता आपल्या नोटिशीकडे वळू. त्यात म्हटले आहे की माल क्रमांक ३१७-ब याचे वजन प्रवासात एक किलो शंभर ग्रॅमवरून अडुसष्ट किलो झाले. माल विनापरवाना आसनावर बसला. ठरलेला मार्ग सोडून गेला. पस्तीस दिवस कोणीही न्यायला आले नाही. सबब तो बेवारस समजून दि. २५ मार्च रोजी सामानघरातून उचलून त्याची विल्हेवाट लावण्यात येईल. वजनवाढीचा खुलासा वर आलाच आहे. अडुसष्ट किलो हा आकडा मात्र अचूक आहे. वडील असते तर त्यांनी तेवढ्यासाठी आपले अभिनंदन केले असते.

६. त्याच टपालाने डब्यास प्रशस्तिपत्र आले. डबा दारात उभा राहत नाही, चालकाशी वाद घालत नाही आणि दिलेल्या जागी शांत बसतो, म्हणून त्यास 'आदर्श प्रवासी' ठरविण्यात आले आहे. पस्तीस दिवस परतीचा प्रवास न केल्याबद्दल "आमच्या सेवेत काही उणीव राहिली का?" अशी आपुलकीची विचारणाही आहे. उणीव आपली नाही. डबा अर्जदाराच्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्या झाकणावर वडिलांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा आहे, त्यामुळे तो उघडलेला किंवा घासलेला नाही. आत काय झाले असेल याची कल्पना संपूर्ण कार्यालयाला येऊ लागली आहे.

७. अर्जदार दि. २० रोजी खिडकी क्रमांक ४ वर आली आणि नोंदी उलटसुलट झाल्याचे तिने सांगितले. लिपिक म्हणाले, "बाई, यंत्राला काय खोटं बोलायचंय? दुरुस्ती हवी तर प्रवाशाला समक्ष आणा." दुसऱ्या दिवशी तिने डबा आणला. लिपिकांनी त्यास टोकन क्रमांक बावीस दिले आणि खुर्चीवर बसविले. पाळी आल्यावर डब्याने काहीच सांगितले नाही, म्हणून 'तक्रार नाही' असा शेरा मारला. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी डब्यापासून दोन खुर्च्या लांब सरकल्या.

८. त्यावर वडिलांची नोंद 'माल' खोडून 'प्रवासी' करावी, असा अर्ज अर्जदाराने तिथेच लिहायला घेतला. लिपिकांनी चहाचा कप बाजूला ठेवून तो वाचला आणि ते आवाज उतरवून म्हणाले, "ताई, बघा हं. प्रवासी केलं तर मी 'उतरला' असं लिहिणार आणि फाइल बंद. प्रवासी कुणाच्या मालकीचा नसतो. मालाचं तसं नाही. मालाला घेणारा लागतो."

९. अर्जदार तीन दिवस विचार करीत होती. ती मागणी मागे घेण्यात येत आहे. नोंद 'माल' अशीच राहू द्यावी. डबाही प्रवासीच राहू द्यावा, त्याचे एव्हाना नाव झाले आहे. फक्त 'बेवारस' हा शब्द खोडावा.

१०. आपल्या नियम १९ प्रमाणे मालावर हक्क सांगणाऱ्याने आपले निवेदन रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचावे लागते. ही मालधक्क्याची जुनी पद्धत आहे. वडील सांगत, "खोटा मालक निम्म्यात आवाज खाली आणतो." अर्जदार घरात किंवा बाहेर मोठ्याने बोलणारी नाही. तरी खालील निवेदन ती आज खिडकीवर वाचत आहे.

निवेदन

माल क्रमांक ३१७-ब माझा आहे. माझे त्याच्याशी नाते मुलीचे आहे. दारवानाने रोज पोचपावतीवर सही केली, मी एकदाही केली नाही. मी बाबांना रोज सांगत होते, येऊ नका. डबा पावणेएकला यायचा. मी बारा वीसपासून खिडकीत उभी असायचे. चौदा नंबर वळणावर दिसली की मी जागेवर जाऊन बसायचे आणि कागद पुढे ओढायचे, म्हणजे त्यांनी वर पाहिलं तर मी कामात दिसावी. बाबा, मी वाट बघत होते. रोज. लोक कधीच हसले नाहीत, ते मी बनवून सांगितलं होतं.

इथून मी सामानघरात जात आहे. आज साबण घेणार नाही.

मालाची हक्कदार,
सही/-
(काटेवाल्यांची मुलगी)
दि. २४ मार्च

सोबत : १) नोटीस. २) डब्याचे प्रशस्तिपत्र, मूळ प्रत. ३) टोकन क्रमांक बावीस. डबा सोबत जोडलेला नाही.

खिडकीचा शेरा : निवेदन शेवटपर्यंत ऐकू आले. 'बेवारस' खोडले.