सोबतीला पोहणारा माणूस

फ्रीडरिक्सहाफेन,
१९ मार्च २००६

ती. सौ. वन्संना,
सुलेखाचा सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल पोचलं. आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ, सगळं शाबूत. कस्टमवाल्यांनी तिरफळांची पुडी बहुतेक फोडून हुंगली, कारण पुन्हा बंद करताना त्यांनी निम्मा रोल चिकटपट्टी वापरली आहे. उर्जा मजेत. तिला इथल्या बंदिस्त तलावात पोहण्याची पहिली परीक्षा पास झाल्याचं कापडी पदक मिळालं. त्यावर समुद्रघोडा काढलेला असतो आणि तो पोहण्याच्या पोशाखावर शिवून मिरवायचा असतो. शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

आता तुमच्या भावाची तक्रार. शेजारच्या हेर हेगेल्यांबद्दल (हेर म्हणजे इथलं ‘श्रीयुत’) तुम्हाला मागे लिहिलं होतं ना, ते सत्तरी ओलांडलेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे? त्यांची छोटी मोटरहोडी आहे. महिनाभर दर रविवारी सकाळी दोघे बोडनझेवर जातात. हे सरोवर एवढं मोठं आहे की धुकं असलं की पलीकडचं स्वित्झर्लंड नाहीसंच होतं. होडी माणूस चालतो त्याहून हळू हाकायची, मागे लांबच लांब दोऱ्या सोडायच्या, टोकाला चकाकणारे पत्र्याचे मासे, आणि खरा मासा फसेपर्यंत येरझारा घालायच्या. दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून एक फळी त्यांना बाजूला ओढून धरते, तिला हे लोक ‘कुत्रा’ म्हणतात. तेव्हा सध्या आमचे साहेब रविवारी शेजाऱ्याबरोबर कुत्रा फिरवायला जातात, असं मी सगळ्यांना सांगते. पाच तासांत एखादा मासा. पण मासा मात्र सुरेख, सॅमनच्या कुळातला, आतून गुलाबी. तुमच्या तिरफळांचं कालवण केलं तर हेर हेगेल्यांनी वाटी पुसून खाल्ली.

खरं सांगते, श्रीधरला इतका आनंदात मी इथे आल्यापासून पाहिला नव्हता. गिअरबॉक्सच्या कारखान्यात सहा वर्षं झाली, पण ज्याच्या घरी न सांगता जावं असा एकही मित्र नव्हता. म्हणून मी काही बोलत नव्हते. मासेमारीचा परवाना काढायला त्याने हिवाळाभर जर्मन पुस्तक घोकून परीक्षासुद्धा दिली. माशांच्या परांची नावं तो झोपेतही सांगेल.

परवा जेवताना उर्जा तिच्या नेहमीच्या जर्मनमध्ये सहज म्हणाली की पप्पाला पोहता येत नाही. ती तलावात असते तेव्हा तो बूटमोजे घालून लांबच्या बाकावर बसतो म्हणे. श्रीधर हसला आणि त्याने आमटी वाढून घेतली. पण त्याचे कान लाल झाले होते. वन्सं, लग्नाला बारा वर्षं झाली. हर्णैचा मुलगा, समोर समुद्र, मी कधी विचारलंच नाही. पाणी सध्या पाच अंशांवर आहे आणि होडीत दोघंच असतात. खरं काय ते मला कळवा. फोनवर नको. तुमचा फोन दुकानात, आणि दुकानात अर्धं हर्णै.

श्रीरंगभावजींना नमस्कार. उत्तराची वाट पाहते, माया आहेच ती तशीच राहू द्या.

तुमची,
सुलेखा


हर्णै,
३१ मार्च २००६

चि. सौ. सुलेखास,
अहिल्याचे अ. आ.

पत्र मिळालं. उर्जेला माझा पापा दे. अख्ख्या घरात खरं बोलणारी तेवढीच दिसते.

त्याला पोहता येत नाही. ओंजळभरही नाही. आम्हा तीन बहिणींवर नवसानं झालेला मुलगा तो, आईनं त्याला घोट्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. बंदरावरून त्याच्या वयाची पोरं धपाधप उड्या मारायची आणि आमचे राजे माझं बोट धरून काठावर उभे. पोरं चिडवायची. मग मुंबईला कॉलेजात गेल्यावर कुणी विचारलं की बिनदिक्कत हो म्हणायला लागला. समुद्रकाठचा म्हटल्यावर पुढे कोण तपासायला जातं? तू तरी गेलीस का?

आता हसणं पुरे. मला झोप नाही. इथे समुद्रावर जन्म काढलेली माणसं पाण्याला घाबरून असतात, आणि हा गिअरबॉक्सवाला बर्फाच्या पाण्यावर कुत्रा फिरवतो! होडीत अंगात घालायचं ते फुगीर जॅकीट असतं, ते तो घालतो का? आणि त्या म्हाताऱ्याला हे ठाऊक आहे का? ज्याची होडी त्याला कळायलाच हवं. श्री सांगत नसेल तर तू सांग. नवऱ्याचा शब्द राखायची हौस असेल तर ती जमिनीवर राख.

आमचे हे विचारतात, मासा केवढा होता. पुरुषांना दुसरं सुचत नाही. काळजी घे, आणि त्याच्यावर डोळा ठेव.

तुझी वन्सं,
अहिल्या


फ्रीडरिक्सहाफेन,
११ एप्रिल २००६

ती. सौ. वन्संना,
सा. न.

तुमचं पत्र काल आलं. त्याच्या आधी शनिवारीच जे घडलं ते वाचा.

बेकरीत हेर हेगेल्यांची मुलगी कारीन भेटली. जर्मन बाई सहसा अंगाला हात लावत नाही, पण तिने माझे दोन्ही हात धरले आणि आभार मानले. म्हणाली, तिच्या वडिलांना पोहता येत नाही. या काठावरच्या जुन्या माणसांपैकी पुष्कळांना येत नाही म्हणे. तिच्या आईला मात्र छान यायचं आणि ती जन्मभर होडीत त्यांच्यासोबत असायची. आई गेल्यावर कारीनने होडी विकायलाच काढली होती. शेवटी वडिलांना एक अट घातली, सोबतीला पोहणारा माणूस असेल तरच पाण्यावर जायचं. त्यांनी श्रीधरला विचारलं. तुमच्या भावाने ‘जा, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, अगदी’, म्हणून मान डोलावली. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायची पद्धत नाही ना! तुमचा नवरा समुद्रावरचा, म्हणून मी रविवारी निवांत झोपते, असं कारीन म्हणाली. मी पाव न घेताच घरी आले.

घरी येऊन श्रीधरला सांगितलं तर तो पांढराफटक पडला. हेगेल्यांना येत नाही हे त्याला माहीतच नव्हतं. दोघेही इतके दिवस एकमेकांच्या भरवशावर! मी तुमच्यासारखीच जॅकेटचं विचारलं. आहेत म्हणे, बाकाखाली, जाळ्यांच्या खाली कुठेतरी. मागितलं तर का ते सांगावं लागेल म्हणून कधी मागितलं नाही. मी चिडून कारीनला फोन लावायला निघाले, तर त्याने रिसीव्हर धरून ठेवला. होडी गेली तर म्हातारा चार भिंतींत बसून संपेल, म्हणाला. मी स्वतः त्यांना सांगतो, रविवारी. रविवारी परत आला तो मान खाली घालून. हेगेले त्या दिवशी बायकोच्या आठवणी काढत होते, त्यामुळे जमलं नाही.

या रविवारी ईस्टर आहे, होडी निघणार नाही. म्हणजे तेवीस तारखेपर्यंत मुदत. तोवर त्याने सांगितलं नाही तर मी कारीनकडे जाणार, मग मित्र जावो नाहीतर होडी जावो. मी चुकते आहे का? दोघींनी मिळून एकाचा आनंद हिसकावतो आहोत असंही मनात येतं, आणि लगेच पाच अंशांचं पाणी आठवतं.

तुमच्या शब्दाची आत्ता फार गरज आहे. पाठीशी असा.

सुलेखा


हर्णै,
२१ एप्रिल २००६

चि. श्रीधरास,
ताईचे अ. आ.

काल फोन केला तो तू उचललास. दुकानात तांदूळ घ्यायला सात माणसं उभी. मी हवामान विचारलं, तू हवामान सांगितलंस. आता जे बोलायचं होतं ते लिहिते.

आजवर भाऊबीजेला मी कधी काही मागितलं नाही. तू जे पाठवलंस ते नेसले, वापरलं. या वर्षीची ओवाळणी मी आत्ताच मागून ठेवते. पोहायला शीक. शिकेपर्यंत त्या होडीत पाय टाकायचा नाही. एका म्हाताऱ्या माणसाचा जीव तुझ्या थापेवर तरंगतो आहे, आणि त्याची लेक त्या थापेवर निवांत झोपते. तुला लाज वाटली नाही तरी चालेल, पण भीती वाटू दे.

मी रागावले आहे. तरी जप.

ताई


फ्रीडरिक्सहाफेन,
२३ एप्रिल, रविवार

ती. सौ. वन्संना,
सा. न.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहायला बसले आहे. खिडकीतून सरोवर दिसतं. सकाळी पलीकडचे आल्प्स इतके जवळ दिसत होते की बर्फातल्या भेगा मोजाव्यात. इथे म्हणतात, डोंगर असे जवळ आले की दक्षिणेचा वारा सुटतो. मी श्रीधरला तसं म्हटलंही. आज नक्की सांगतो, उर्जेची शपथ, असं म्हणून तो गेला.

काठावर नारिंगी दिवे असतात. ते सावकाश लुकलुकले तर सावध राहायचं आणि भराभर लुकलुकले तर तत्काळ काठ गाठायचा. मघाशी सावकाश लुकलुकत होते. हेगेल्यांच्या होडीला हिरवं छत आहे, ते इथून दिसतं. आत्ता दिसत नाही. मोबाइल लागत नाही.

दिवे भराभर लुकलुकायला लागले. एकेक होडी बंदरात शिरते आहे. पांढरी, निळी, परत पांढरी. लाटा धक्क्यावरून रस्त्यावर उडताहेत. उर्जा विचारते आहे की पप्पा कुठाय, आणि आज मराठीत विचारते आहे.

खाली कारीनची गाडी थांबली. ती बंदराकडे पळते आहे. वन्सं, मी तिला आता सांगणार. हे पत्र


फ्रीडरिक्सहाफेन,
२५ एप्रिल २००६

ती. ताईस,
श्रीधरचा शि. सा. न.

आधी हे वाच, आम्ही दोघे सुखरूप आहोत. सुलेखाचं अर्धं पत्र सोबत घातलं आहे. ते पुरं करायला तिने मला सांगितलं. तिचं माझ्याशी आत्तापर्यंत तेवढंच एक वाक्य झालं आहे.

त्या दिवशी निघाल्यापासून मी वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात दोरी ताणली गेली. ताई, एवढा मासा मी आजवर पाहिला नव्हता. हेगेले लहान मुलासारखे ओरडत होते आणि त्या भरात काठावरचे दिवे आम्हाला दिसलेच नाहीत. दिसले तेव्हा भराभर लुकलुकत होते. मी घाबरून होडी एकदम वळवली. दोऱ्या आत न घेता वळायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवलेलं, तेच विसरलो. दोरी पंख्यात गुरफटली आणि मोटर बंद. लाटा बाजूने आदळायला लागल्या. होडी प्रत्येक लाटेला अशी कलायची की हाताने पाणी शिवता यावं.

हेगेल्यांनी माझ्या हातात सुरी दिली. ते अगदी शांत होते. म्हणाले, कुणीतरी मागे ओणवं होऊन दोरी कापली पाहिजे, तुम्ही कापा, तुम्ही पडलात तर पोहाल, मी पडलो तर संपलो. मी सुरी घेतली, ताई. एक पाय मागच्या फळीवर टाकला. माझ्या मागे एक म्हातारा माझ्या भरवशावर उभा आहे आणि मी पडलो तर तो एकटा बंद होडीत राहणार, हे डोक्यात आलं तेव्हा मी वळलो आणि सांगितलं. मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं.

ते माझ्याकडे सरकले. मला वाटलं, मारतात. त्यांनी बाकाचं झाकण उघडलं, जाळी उपसून बाहेर फेकली आणि तळातून दोन जॅकेटं काढली. एक त्यांच्या बायकोचं होतं. ते त्यांनी स्वतः माझ्या अंगात चढवलं, पट्टे आवळले. दुसरं त्यांनी घातलं. मग ते होडीच्या तळाशी बसले, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी माझा कमरेचा पट्टा धरला. मी छातीपर्यंत बाहेर लोंबकळत दोरी कापली. दोनदा डोकं पाण्यात गेलं. ती थंडी मी सांगू शकत नाही. त्यांनी पट्टा सोडला नाही. दोरी तुटली तसा मासाही गेला, पण मोटर पुन्हा सुरू झाली.

बंदरात कारीन आणि सुलेखा शेजारीशेजारी उभ्या होत्या. सुलेखाने तिला सगळं सांगून टाकलं होतं. कारीनने वडिलांच्या अंगावर घोंगडी टाकली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने एक घोंगडी माझ्याही अंगावर येऊन पडली. मी माफी मागितली. हेगेले म्हणाले, चूक त्यांचीही आहे, जॅकेटं घातली असती तर पोहणारा माणूस शोधावा लागला नसता, पण बायको होती तोवर त्यांना कधी गरज वाटली नाही. मग ते रडले. मीही रडलो, कबूल करायला हरकत नाही.

होडीची किल्ली आता कारीनकडे आहे. ती कधी देणार, देणार की नाही, काही बोललेली नाही. तुझं पत्र वाटेत असणारच. फोनवर तू हवामान विचारलंस तेव्हाच तुला सगळं ठाऊक आहे हे कळलं होतं. रागव, पण बोलणं सोडू नकोस.

तुझा,
श्री


हर्णै,
२६ ऑक्टोबर २००६

चि. श्रीधरास आणि सौ. सुलेखास,
अहिल्याचे अ. आ.

श्री, तुझं पाकीट नेमकं भाऊबीजेला सकाळी आलं. साडी नाही, मनिऑर्डर नाही. आत कापडाचा चार बोटांचा तुकडा आणि त्यावर समुद्रघोडा. सुलेखाची चिठ्ठी वाचून मी दुकानात एवढी हसले की आमचे हे वजन करायचे थांबले. सहा वर्षांची पोरं आणि त्यांच्यात तू आणि तुझा म्हातारा, दोघे कठड्याला धरून पाय मारताय! त्याने तुझ्या आधी परीक्षा पास केली म्हणे, आणि तुला पाण्यात उडी मारायला उर्जेने धक्का दिला. शाब्बास पोरी! सुलेखा, कारीनने किल्ली परत दिली आणि वर जॅकिटांसाठी बाकाखालच्या जागेऐवजी स्वतः होडीत खुंटी ठोकून दिली, हे वाचून तर मी देवापुढे साखर ठेवली.

भाऊ परदेशी म्हणून मी दरवर्षी बीजेच्या चंद्राला ओवाळते. ती कोर लगेच बुडते, म्हणून माझी घाई असते, आणि घाईत दरवर्षी एकच मागणं असतं की माझ्या भावाला पाण्यापासून लांब ठेव. या वर्षी निरांजन हातात घेतलं आणि ते मागणं काही तोंडात येईना. नुसतीच ओवाळून घरात आले.

पदक मी पदराला सेफ्टीपिनेने लावलं आहे. दोन दिवस तशीच गल्ल्यावर बसते आहे. गिऱ्हाइकं विचारतात, वहिनी हे काय. मी सांगते, माझ्या धाकट्या भावाला पोहता येतं.

ताई