पाहुण्याची खोली

१२ ऑक्टोबर १९९७, मिल्टन कीन्स
या घरात माझ्या हातचं: देवघर, किचनमधली सगळी कपाटं, जिन्याचा कठडा, पोळपाट, मागच्या खोलीतला पलंग. कुणाकडे शिकलो नाही. लायब्ररीतली पुस्तकं, आणि दोन वाया गेलेली दारं.
पलंगावर आजपासून पाहुणा. चर्चच्या बाईंनी विचारलं होतं, ज्वालामुखीमुळे मॉन्टसेरात बेट सोडून आलेल्या एका माणसाला खोली मिळेल का. माझी बायको सुमन असती तर तिनेच हो म्हटलं असतं. मीच हो म्हणालो.
डेझमंड. अठ्ठावन्न. गवंडी. एक सूटकेस. पलंगाचा सांधा बोटाने चाचपला. "नो स्क्रूज?" "नो स्क्रूज." बरं वाटलं.

१९ ऑक्टो.
डे.ला सगळं दाखवलं, कठड्याचं पॉलिशसुद्धा. ऐकून घेतलं. मग म्हणाला, मीपण एक गोष्ट केलीय. घर. शनिवार-रविवार, एकेक ब्लॉक, अकरा वर्षं. आता छपरापर्यंत राख. गावात कुणाला सोडत नाहीत. दुकानं, शाळा, बंदर, सगळं मेलं. बँक तेवढी उत्तरेला हलली, तिथून हप्ता मागते. "घर गेलं, कर्ज जिवंत आहे." तो हसला. मी पॉलिशचं बोलणं आवरलं.

३ नोव्हें.
डे.ला काम लागलं. ऑफिसं पुसायचं. तिकडे हाताखाली माणसं होती, ती आता जिकडेतिकडे. पहाटे अंधारात रेडवेने, सायकलींच्या लाल वाटेने, चालत जातो.
आमटीत आणखी तिखट मागतो. दोघांपुरता भात लावायचा अंदाज परत आला. सुमननंतर मोडला होता.

१४ नोव्हें.
डे.ने पाकीट पुढे केलं. भाडं. म्हटलं, आमच्यात पाहुण्याकडून पैसे घेत नाहीत.
"मी गेस्ट नाही, मिस्टर पाटणकर."
विषय संपवला.

२३ नोव्हें.
पाकीट साखरेच्या डब्याखाली. त्याच्या कोटात परत ठेवलं. संध्याकाळी देवघरात, गणपतीच्या मागे!
"तुम्हाला नाही दिलं. त्याला दिलं."
वस्ताद आहे. तरीही परत.

३० नोव्हें.
मी बाहेर असताना मागची पडकी भिंत बांधून ठेवली. काम चोख, ओळंबा लावून पाहिला. तरी म्हणालो, विचारायचं तरी. "विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."
रजनीचा मँचेस्टरहून फोन. "बाबा, अंकल भाडा देतो तर घ्या ना. त्याला कसा वाटत असेल?"
म्हटलं, भाडा नाही, भाडं. कसं वाटत असेल.
"ग्रामर राहू दे, बाबा. जस्ट लिसन."
पोरीला आपल्या पद्धती काय ठाऊक.

७ डिसें.
पाकीट कुठेच नाही. साखर, गणपती, कोट, दोनदा पाहिलं. सुटलो म्हणायचं, तर चुकल्यासारखं वाटतं.

१३ डिसें.
डे. ब्लेचलीत भाड्याची खोली बघून आला. ओल आहे, खिडकी नीट लागत नाही. सोमवारी २२ला हो-नाही सांगायचंय.
"इथे काय कमी आहे?"
"तिथे खिडकी लागत नाही म्हणून मी भांडू शकतो."
"इथे भांडण्यासारखं आहे काय?"
"कसं भांडू? मी तुमचं खातो."
मग हळूच म्हणाला, इकडे येण्याआधी दोन वर्षं शाळेच्या हॉलमध्ये झोपलो. अख्खं गाव. सगळे गेस्ट. थँक यू म्हणून म्हणून तोंड दुखलं.
भात उरला.

२१ डिसें.
दुपारी शेवटी विचारलं, पाकिटात होते किती?
"उघडलंच नाहीत?" कोट चढवला, चर्चला गेला. जाता जाता आकडा सांगितला.
एकेक सांधा बोटाने तपासणारा मी. पाकीट उघडून पाहिलं नाही.
मागच्या खोलीच्या दाराला कुलूप नव्हतं. पाहुण्याला कशाला, म्हणून. भाडेकरूला हवं. आज बसवलं. खाच पहिल्या फटक्यात जमली नाही, हात घाईत होता. किल्ली एकच ठेवली, त्याच्या ताटाशेजारी. दुसरी माझ्याकडे नको.
भात दोघांचा लावलाय. अजून आला नाही.
आठवड्याला चाळीस पौंड. नको म्हणालो होतो.