शिवबाईंचा शेवगा आणि माझा नारळ

६ एप्रिल
कॉलनीत बोअर घ्यायचं ठरलं. नळाला पाचव्या दिवशी पाणी, सगळे वैतागलेत. मीटिंगमध्ये उठून सांगितलं, जागा मी दाखवतो. मी पायाळू आहे, जन्मताना पाय आधी आले. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, सायन्सला अजून याचा पत्ता नाही. चेअरमन उदयसिंह म्हणाले, पाणी शोधायला मशीनवाला बोलावलाय. बोलवा म्हटलं, समजेलच.

७ एप्रिल
अकलूजच्या आत्याला फोन. सहज. ती म्हणाली, पायाळू तुझा थोरला भाऊ आदिनाथ की रे, तू डोक्यानंच आलास. आत्याचं आता वय झालंय.

९ एप्रिल, सकाळी
मशीनवाल्यानं नेमकी माझ्या गेटसमोर खूण केली. नवी गाडी लावतो तिथंच. मशीनचं काय खरं असतं?

मग मी. चपला काढल्या, तळहातावर नारळ आडवा ठेवून चाललो. गेटसमोर नारळ ढिम्म. समोरच्या शिवबाईंच्या शेवग्याखाली ताडकन उभा. सगळ्यांनी पाहिलं. माझ्याच अंगावर काटा आला.

शिवबाई शेंगा विकून घर चालवतात. त्यांनी विचारलं, म्हंजे झाड जाणार व्हय? म्हटलं, पाणी लागलं की अशी दहा झाडं लावू. थोडं वाईट वाटलं. पण निसर्गापुढं आपण कोण?

१० एप्रिल
रुद्राणीनं मोबाईलवर काहीतरी वाचलंय. म्हणे मनात असतं तिकडं हात नकळत हलतो. तुमच्या नारळाला गाडीची काळजी, असं म्हणाली. तिला समजावलं, ते कमकुवत मनाच्या लोकांना लागू आहे. बायको म्हणून तिनं साथ द्यायला हवी होती.

१२ एप्रिल
शेवगा तोडला. मी ऑफिसात होतो. म्हणजे रजा टाकली होती, पण गेलो.

१३ एप्रिल
शेवग्याच्या जागी बोअर मारायला घेतला. दुपारपर्यंत नुसती भुकटी. आणखी खाली आहे, म्हटलं. संध्याकाळीही भुकटीच. बोअरवाल्यानं पाइप काढले. उन्हाळ्यात पाणी सरकतं, हे यांना कोण सांगणार?

गाडीवर धुळीचा थर. झाकायला कव्हर काढलं आणि तसंच ठेवलं. शिवबाई बुंध्याजवळ बसल्या होत्या.

१५ एप्रिल
मागच्या बोळातून चालत ऑफिसला. व्यायाम म्हणून. झोप नीट लागत नाही, उकाडा फार.

१८ एप्रिल
शिवबाई घरी आल्या. मी बाथरूममध्ये होतो, रुद्राणीनं हाक मारून बाहेर काढलं.

शेवटच्या शेंगा आमच्यासाठी आणल्या होत्या. म्हणाल्या, तुमचा काय दोष, पाणीच सरकलं आसंल की. एक फांदी राखून ठेवलीय म्हणाल्या, कुटं लावू तेवढं नारळावर बघून सांगा, तुमचा हात लई चांगला हाय.

मी म्हणालो, माझ्या गेटसमोर लावा. गाडी काढतो.

नारळानं सांगितलं का, त्यांनी विचारलं. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. रुद्राणी बघत होती. हो म्हणालो.

शिवबाईंनी मला हात जोडले.