गौरीचा फोन आता कोण पाहणार?

प्रिय सुनंदा,

काल दादा आला होता. म्हणाला, "पोरीचा फोन काढून घे. नाई तं शाळा बंद कर तिची." मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आपल्या घरात फोनचं सगळं तूच ठरवायचीस. म्हणून आज वांगी बाजारात पाठवली आणि तुलाच लिहायला बसलो.

आठवतं? जेवणं झाली की गौरी फोन ओट्यावर ठेवायची आणि तू हात पुसून एकेक मेसेज वाचायचीस. ती चिडायची, "आई, मी चोर हाय काय?" मी तिची बाजू घ्यायचो. "काहून पाहतं तिच्या फोनात? भरोसा ठेव न थोडा."

तू म्हणायचीस, "भरोसा पोरीवर हाय. तिले मेसेज धाडनाऱ्यावर नाई."

किती भांडलो आपण यावरून!

तू गेलीस. तेरवी झाली, पाहुणे गेले. त्या संध्याकाळी गौरीनं फोन पुन्हा ओट्यावर ठेवला.

"उचल तो. मी नाई पाहनार."

"मंग कोन पाहीन?"

"कोनीच नाई. मले भरोसा हाय तुह्यावर."

तिनं तो उचलला. पण दुसऱ्या दिवशीही ठेवला, नंतरही. मला वाटलं, सवय आहे, जाईल. खरं सांगू? मला तेव्हा काही वाटतच नव्हतं. मेथीच्या जुड्या बांधायच्या, पाणी सोडायचं, पुढ्यात येईल ते खायचं. लोक म्हणायचे, दिनकर खंबीर आहे. खंबीर कसला!

मग एक दिवस ती म्हणाली, कारंज्याला शिकवणीला जात नाही. मी कारण विचारलं, तर तिनं फोन माझ्या हातातच दिला.

"बाबा, एकदा तं पाहा."

शिकवणीच्या जीपमध्ये रोज बसणारा एक माणूस. माझ्या वयाचा! आधी मेसेजमध्ये तुझ्या जाण्याचं दुःख दाखवणं. मग फोटो मागणं. मग, नाही दिलास तर गावात बदनामी करीन. कितीतरी दिवसांपासूनचे मेसेज, सुनंदा.

"मले सांगतलं काहून नाई?"

"तोंडानं नाई सांगता येत, बाबा. म्हनून तं तुमच्यासमोर ठेवत होती."

मला रडू आलं नाही. रागही नाही. तसाच उठलो आणि तिला घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या पोलीसबाईंनी तिला जवळ बसवून सगळं विचारलं. त्या माणसाला धरलं. आता शिकवणीला मीच मोटरसायकलवर सोडतो. वाटेत ती थोडं बोलते.

एक विचारू? तू एकटीच का पाहत राहिलीस? एखाद्या दिवशी मलाही शेजारी बसवलं असतंस तर? मी ज्याला भरोसा म्हणत होतो, ते नुसतं मान फिरवणं होतं, हे तुला कळलं होतं ना?

तरी अजूनही वाटतं, पोरीचं सगळंच बापानं वाचू नये. मैत्रिणींशी ती काय हसते, ते तिचं तिच्यापाशी राहावं. यावर तू भांडशील. भांड. घर फार गप्प आहे.

दादाला आज सांगतो, फोन तिच्याकडेच राहील आणि शाळाही सुरू राहील. तिच्या माघारी मी तो उघडणार नाही. पण ती काही समोर ठेवील, तेव्हा हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसेन. हा शब्द तुला.

तुझा,
दिनकर